कौलापर्यंतचे तीन दिवस

पेणहून हरिहरेश्वरला जायचं तर माणगाववरून सरळ रस्ता आहे. सकाळी निघालेला माणूस दुपारी पानावर बसायला पोहोचतो. मी मात्र तीन दिवस लावले. आधी उलट दिशेला किहीमला गेले आणि तिथून समुद्राच्या कडेकडेनं खाली उतरत आले. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असं आईनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, सराव म्हणून.

सराव एकटीनं राहण्याचा. मी तेहतीस वर्षांची आहे, पेणच्या एका दवाखान्यात दहा वर्षं नर्स आहे, हट्टी पेशंटांना दटावून गोळ्या घ्यायला लावते, आणि आजवर एकदाही एका खोलीत एकटी झोपलेली नाही. लहानपणी आईच्या कुशीत, शिकताना होस्टेलवर एका खोलीत पाच जणी, आणि नोकरी लागल्यावर पुन्हा आईशेजारी. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. अशा मला जर्मनीच्या उत्तर टोकाला, समुद्रकाठच्या एका छोट्या गावातल्या रुग्णालयाचं पत्र आलं होतं. दोन वर्षं पहाटे उठून जर्मन शिकले होते ते ह्याच पत्रासाठी. होकार कळवायला आठ दिवस उरले होते आणि मी कुणालाच धड काही सांगत नव्हते. कुणी विचारलं की 'बघू' म्हणायचे.

आई गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते. तीस वर्षं देवांच्या नजरेला नजर देऊन बसलेली बाई ती, तिला देवाचं भय असं नाही. पण रीत म्हणजे रीत. आमच्या घराण्याची देवी हरिहरेश्वरच्या अलीकडे एका वाडीत आहे. घरातलं कुणी दूर निघालं की आधी तिचा कौल घ्यायचा. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर जा, डावी पडली तर जाऊ नको. आईनं ते जर्मन पत्र, एक अक्षर कळत नसताना, सहीपर्यंत नीट पाहिलं आणि म्हणाली, "कौल घेऊन ये. उजवा आला तर जा."

मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की माझं मलाच नवल वाटलं. दिवसभर नाडी, ताप, रक्तदाब लिहून ठेवणारी मी आयुष्याचा निकाल दोन कळ्यांवर सोडून मोकळी झाले होते. निघताना आईनं एक गोष्ट मात्र बजावली. तीन दिवस ती मला फोन करणार नव्हती. वाटलं तर मी करायचा.

किहीम

किहीमला मी कुंदाताईंच्या वाडीत उतरले. कुंदाताई शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. वाडीत नारळ, पोफळी, मागे विहीर, आणि पाहुण्यांसाठी दोन खोल्या. त्यांनी दारातच माझ्या मागे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "एकट्याच?" हा प्रश्न पुढचे तीन दिवस माझ्या सोबतीला होता.

दुपारी किनाऱ्यावर गेले. फेब्रुवारीतलं धुरकट ऊन होतं. पाणी आणि आभाळ कुठे चिकटलंय ते दिसत नव्हतं. ओल्या वाळूवरून चालता चालता मी जर्मन बोलू लागले. आजोबा, आज कसं वाटतंय. आजी, कूस बदलायची का. असं मोठ्यानं बोलत सुरूच्या झाडांशी गेले आणि परत फिरले. आई म्हणते मी तंद्रीत राहणारी आहे, आणि ते खरं आहे. चालताना मला समोर नारळ दिसत होते आणि त्यांच्यातून ते दुसरं गावही दिसत होतं, जे मी फक्त फोनवरच्या चित्रांत पाहिलंय. विटांची लाल घरं, चार वाजताच लागलेले दिवे, आणि एका लांबच लांब खोलीत माझी वाट बघणारी म्हातारी माणसं. दोन्ही गावं एकमेकांत मिसळून गेली होती आणि मला त्यातल्या कुठल्याच गावाची घाई नव्हती. जवळा वाळत घालणाऱ्या दोन बायका हात थांबवून माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. त्यांनीही हलवली.

संध्याकाळी कुंदाताईंनी पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला, आणि मग मडकं उपडं घालून भोवती जाळ. पेणलाही हिवाळ्यात पोपट्या लागतात, त्यामुळे वास आला तशी मी आपोआप आगीजवळ जाऊन बसले. शेजारच्या चार घरांतून माणसं आली. वाडीत कामाला येणारी एक बाई माझ्या पुढ्यात शेंगा ओतताना म्हणाली, "पोपटी एकटीची न्हाय लागत, म्हणून बोलावलं तुम्हाला." मी त्यांना सांगितलं, मी जिथं जाणार आहे तिथं सगळं एकटीचंच लागणार. त्यावर सगळ्यांनी मिळून मला एका माणसाची पोपटी कशी लावता येईल ते सुचवायला सुरुवात केली. कुणी म्हणालं कुकरमध्ये लाव, कुणी म्हणालं लहान मडकं इथूनच घेऊन जा. पाला कुठून आणायचा इथं मात्र सगळे अडले.

ती माझी एकटीची पहिली झोप. दिवा चालू ठेवून, कडी आणि वरचा अडसर दोन्ही लावून मी पडले. समुद्राचा आवाज ऐकत होते तोच सकाळ झाली. इतकं सोपं? मी खुशीत उठून दार उघडायला गेले, तर अडसर सरकेना. खारं वारं खाऊन लाकूड फुगलं होतं. ओढलं, ढकललं, शेवटी बाहेर कुंदाताईंचा खराटा वाजला तेव्हा लाजत हाक मारली. त्या दाराबाहेरून शांतपणे म्हणाल्या, "आधी दार स्वतःकडे ओढ, मग अडसर सोड. आणि उद्यापासून नुसती कडी लाव. आत कोण येतंय हे बघण्यापेक्षा तू बाहेर कशी पडशील ते बघ." शिक्षिकाच त्या. मी बाहेर आले आणि निमूट चहा घेतला.

मुरूड, आगरदांडा, दिघी

मुरूडला दुपारच्या जेवणाला एका घरगुती खानावळीत शिरले. चार माणसांचं टेबल मिळालं. मालकांनी माझ्यापुढे ताट ठेवलं आणि समोरच्या खुर्चीपुढे दुसरं. पेलाभर पाणीही ठेवलं. मी म्हटलं, एकच. ते म्हणाले, येतील की सावकाश. कोण येणार ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाचं कालवण, सोलकढी. रिकाम्या ताटासमोर बसून मी पोटभर जेवले. मध्येच एकदा मला वाटलं, तिथं आई बसली आहे आणि कालवणात चिंच कमी आहे म्हणून तोंड वाकडं करते आहे. चिंच खरंच कमी होती. उठताना मालक त्या ताटाकडे बघत जरा हळहळले, आणि त्यांचा विरस नको म्हणून मी म्हटलं, गाडी चुकली असेल.

आगरदांड्याहून दिघीला जंगलजेटीनं, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणाऱ्या बोटीनं जायचं. गाड्या, मोटारसायकली, मासळीच्या टोपल्या आणि माणसं सगळी एकाच फळीवरून आत शिरतात. जेटी सुटली आणि आवाज एकदम मागे राहिले. खाडीचं पाणी संथ होतं, हिरवट, जवळजवळ झोपलेलं. दोन्ही काठांचे डोंगर सरकत होते आणि आपण जागच्या जागी आहोत असं वाटत होतं. मला वाटलं, प्रवास संपूच नये, मध्येच राहावं, इकडचंही नाही आणि तिकडचंही नाही. मला हे 'मध्ये' फार आवडतं. बहुधा म्हणूनच मी सगळ्यांना 'बघू' म्हणत होते.

कठड्याशी माझ्या शेजारी एक बाई होत्या, साठीच्या, डोक्यावरून ओढणी, हातात थर्मास. नाव नसीमआपा, माहेर मुरूडचं, राहायला दिघीच्या पुढे. थर्मासच्या झाकणात त्यांनी मला चहा दिला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी सगळं सांगितलं, अगदी कौलाचंही. अनोळखी माणसाला सगळं सांगून टाकणं किती सोपं असतं.

त्यांचे यजमान सव्वीस वर्षं कुवेतला एकटे राहिले. मी विचारलं, त्यांना तिथं कसं जमलं? आपा हसल्या. म्हणाल्या, "त्यांचं सगळे विचारतात. तिथं एकेका खोलीत आठ जण, एकटे कुठले? एकटी मी होते." मग त्यांनी पंख्याची गोष्ट सांगितली. यजमानांना पंखा फुल लागायचा आणि ह्यांना थंडी वाजायची, रोज भांडण. ते गेल्यावर पहिल्या दिवशी ह्यांनी हौसेनं पंखा बंद केला. "नींदच येईना. उठून चालू केला, आणि सव्वीस साल तसाच फुल ठेवला. चादर ओढून झोपायची."

मी विचारलं, त्यांना कधी थांबा म्हणावंसं वाटलं नाही? म्हणाल्या, "रोज वाटायचं. बोलले नाही. एकदा बोलायला पायजे होतं. गेलेच असते ते, पण माझ्या दिलातलं त्यांना माहीत असतं."

दिघी आली. आपा आपल्या गाडीत बसून गेल्या. मी श्रीवर्धनच्या एसटीत खिडकीशी बसले. दोन दिवस मी फक्त माझ्याच एकटेपणाचा सराव करत होते. आमच्या घरात आता एकटी कोण झोपत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बाहेर आंब्याचा मोहोर, सुपारीच्या बागा, शाळा सुटलेल्या मुली, सगळं मागे पळत होतं. त्या वाटेवरचं मला फारसं आठवत नाही. मला आमच्या खोलीतल्या दोन उशा दिसत होत्या.

हरिहरेश्वर

हरिहरेश्वरला ज्यांच्याकडे उतरले ते काका भरती-ओहोटी पंचांगावरून सांगतात. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. फोनवर सगळं मिळतं असं मी म्हटलं, तर त्यांनी माझ्या फोनकडे वाईट वाटल्यासारखं पाहिलं. दुसऱ्या दिवशी तृतीया होती, म्हणजे भरती दुपारी सव्वादोनच्या सुमाराला. सकाळी साडेआठला पाणी खाली असेल, तेव्हा प्रदक्षिणा करून घ्या, असं ते म्हणाले. इथली प्रदक्षिणा देवळाभोवतीची नव्हे. पूर्ण डोंगराला समुद्राच्या बाजूनं वळसा घालायचा, आणि तो रस्ता समुद्र देईल तेवढाच वेळ असतो.

आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव, हा इथला क्रम पाळला आणि डोंगराच्या खिंडीतून पायऱ्या उतरले. खाली पोहोचले आणि थांबलेच. खडकांना लाटांनी खाऊन खाऊन हजार खळगे पाडले होते आणि प्रत्येक खळग्यात पाणी, आणि प्रत्येक पाण्यात थोडं आभाळ. माझ्या पुढे एक कुटुंब होतं, ते वळणाआड गेलं. मागे कुणी नव्हतं. उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला तो सगळा समुद्र, आणि मधून चालणारी मी. भीती नव्हती. कुणाची वाट पाहत नव्हते, कुणी माझी पाहत नव्हतं, आणि मी सुखात होते. खरं सांगते, इतकी सुखात मी गेल्या कित्येक वर्षांत नव्हते. जर्मनीत जमेल, असं मला त्या खडकांवर पहिल्यांदा मनापासून वाटलं. मग वर आले, काकांकडे आंबोळी खाल्ली आणि रिक्षा करून देवीच्या वाडीला निघाले.

देवीचं देऊळ लहानसं आहे. कौलारू, पुढे पडवी, भोवती काजूची झाडं. गुरवांचे गुडघे गेले, तेव्हापासून पूजा त्यांची बायको शेवंताकाकू करतात. आईला त्या चांगलं ओळखतात. त्यांनी माझ्या हातातला नारळ घेतला आणि एकटीच का ते विचारलं नाही. विचारलं नाही अशा त्या पहिल्याच.

काळ्या पाषाणाची वीतभर उंच मूर्ती, चांदीचे डोळे. शेवंताकाकूंनी तिला पाणी घातलं, तगरीच्या दोन कळ्या बुडवून दोन्ही खांद्यांवर चिकटवल्या आणि मला पुढे बसवलं. मी हात जोडून डोळे मिटले. त्या म्हणाल्या, "मनात नको, बाय. तोंडानं बोल. देवीला ऐकू आलं पायजे."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी त्यांनीच गाऱ्हाणं घातलं. "आई, ही तुझी लेक दूर मुलखात कामाला जाते. एकटी राहणार हाय. घरी तिची आय एकटी राहणार हाय. जायाचं असलं तर उजवा दे, न्हायतर डावा दे."

मग नुसतं बसायचं. पाण्याचे थेंब मूर्तीवरून खाली येत होते. काजूच्या झाडात कुठलासा पक्षी एकच सूर लावून बसला होता. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मला पेंग आल्यासारखं झालं आणि तेवढ्यात माझ्या डाव्या हाताची कळी सुटली आणि खाली पडली.

डावा कौल. तेव्हा मला काय वाटलं ते लपवून लिहिण्यात अर्थ नाही. मला बरं वाटलं. खांद्यावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं अंग हलकं झालं. मी मनात पुढचं सगळं रचूनही टाकलं. रुग्णालयाला नम्र पत्र, मैत्रिणींना 'आमच्याकडे कौल मानतात गं', आईला मिठी. मी नको म्हटलं नव्हतं, देवी नको म्हणाली होती. सकाळी खडकांवर एवढी सुखात असलेली मीच ती, आणि सुटले म्हणून डोळ्यांत पाणी आलेलीही मीच.

शेवंताकाकूंनी ती कळी उचलून माझ्या ओंजळीत ठेवली. "दिला गो उजवा. जा आता खुशाल."

मी म्हटलं, "पण डावी पडली ना?"

"तुझ्या डाव्या हाताला पडली. देवी तुझ्याकडं तोंड करून बसलेय. तिचा तो उजवा."

गणपतीच्या कारखान्यात खेळून लहानाची मोठी झालेली मी. सोंड उजवी की डावी, वरदहस्त कुठला, सगळं मूर्तीच्या अंगानं बोलायचं, बघणाऱ्याच्या नाही, हे मला अक्षरं यायच्या आधी येत होतं. आणि नेमकं आज मी देवीचा उजवा हात विसरले. विसरले असं तरी कसं म्हणू? मला हवा तो कौल मी घेऊन टाकला होता.

देवळाबाहेर येऊन पडवीच्या पायरीवर बसले आणि तीन दिवसांत पहिल्यांदा आईला फोन लावला. तिनं पहिल्याच घंटीला उचलला. मागे कारखान्यातला रंगाचा कॉम्प्रेसर घरघरत होता.

"कोणता आला?" तिनं विचारलं.

डावा म्हणता आलं असतं. आई काही शेवंताकाकूंना विचारत बसली नसती. तिनं ते मानलं असतं, आणि आम्ही दोघी पुढची वीस वर्षं त्या एका शब्दाखाली सुखानं राहिलो असतो. मला जेटीवरच्या आपा आठवल्या. "उजवा," मी म्हटलं. "पण मला आधी वाटलं डावा आला. आणि आई, मला बरं वाटलं."

कुणाला तरी तिनं कॉम्प्रेसर बंद करायला सांगितला. मग हळू आवाजात म्हणाली, "मलाही वाटलं असतं. तीन दिवस डाव्याचीच वाट बघत होते. तुला तिकडं पाठवलं ते तेवढ्यासाठीच. माझ्यानं नको म्हणवत नव्हतं."

मी रडत होते आणि ती रडत नव्हती, पण नाक ओढल्याचा आवाज तिकडूनच आला. मग मी म्हटलं, "मी जाणार आहे, आई." 'बघू' नव्हे, 'देवी म्हणाली' नव्हे. बोलून झाल्यावरही शब्द परत घ्यावा असं वाटलं नाही.

"हं," आई म्हणाली. मग तिचा नेहमीचा, कामाचा आवाज आला. "तिकडं तुझा मोबाईल लागला नाही तर मी त्या दवाखान्यात फोन करणार. पत्रावर नंबर आहे. उचलणाऱ्याला मी काय विचारायचं? माझी मुलगी आहे का तिथं, एवढं मला त्यांच्या भाषेत शिकव."

मी सांगितलं, इस्ट माइने टोख्टर दा. तिनं म्हणून पाहिलं, टोख्टरवर अडखळली, चिडली, मला पुन्हा सावकाश म्हणायला लावलं. कारखान्यातल्या बायका तिच्याभोवती जमल्या असाव्यात, कारण कुणीतरी हसलं आणि आईनं तिला गप्प केलं. दुसऱ्यांदा जमलं, पण घाईत. तिसऱ्यांदा तिनं ते सबंध, एकेक शब्द नीट आखत म्हटलं, आणि थांबली. खरंच कुणाला तरी विचारलंय आणि उत्तर यायचंय, अशी थांबली.

"आहे," मी म्हटलं.